सातवा अध्याय, पंधरावं वचन

मामा, माणूस गेला की लोक किती खोटं बोलतात, हे तुम्ही ऐकायला हवं होतं. परवा तुम्हाला माती देऊन मंडळी घरी आली, सोप्यात बसली, चहा झाला, आणि मग एकेकाला कंठ फुटला. पाळकसाहेब म्हणाले, मंडळीचा खांब कोसळला. पंचांपैकी एक म्हणाले, ग्रीक जाणणारा असा माणूस आता या कोल्हापुरात होणे नाही. मी आत चुलीपाशी कप विसळत होते. मनात म्हटलं, खांब कसला, वाटेतला धोंडा. येणाऱ्याजाणाऱ्याला ठेच. मग त्यांनी मला बाहेर बोलावलं, भाचीनं मामांविषयी काही सांगावं म्हणून. मी पदर डोळ्यांना लावला आणि आत परत आले. लोकांना वाटलं, हिला दुःख अनावर झालं. मला राग अनावर झाला होता. दुःख होतं, नाही म्हणत नाही, पण ते रागाच्या मागं उभं होतं आणि राग काही बाजूला सरकत नव्हता.

तुमचा तो रविवारचा बायबलाचा शास्त्रवर्ग. देवळाशेजारच्या खोलीत दुपारी चारला तुम्ही टेबलामागं बसायचात, कोटाची सगळी बटणं लावून, आणि एक वचन उघडायचात. एक वचन म्हणजे फार झालं. कधी एक शब्दच. "मूळ ग्रीकमध्ये इथं जो शब्द आहे," असं म्हणून तुम्ही घसा खाकरलात, की समजावं, आज तासभर गाडी याच फाट्यावर उभी. आधी शब्दाचा धातू, मग तो शब्द शास्त्रात आणखी कुठं कुठं आला, मग तीन टीकाकार साहेबांची तीन मतं. हे तिघे साहेब म्हणजे जुन्या पाद्रीबाबांनी विलायतेला परत जाताना तुम्हाला दिलेली तीन जाडजूड पुस्तकं. तिघांचं कधी एकमत झालं नाही, आणि झालं असतं तर तुमची पंचाईतच झाली असती. "हुपेरेतेस" हा शब्द आला तेव्हा तुम्ही सांगितलंत, याचा अर्थ गलबताच्या खालच्या रांगेत बसून वल्हं मारणारा. साधा सेवकच म्हणा की, असं दुसरे साहेब म्हणत होते. त्या वल्ह्यावर दोन रविवार गेले. शाहूपुरीत गुळाची अडत चालवणारे आपले योहानकाका शेवटी वैतागले. "मास्तर, पंचगंगेला पूर आला तरी या गड्याची नाव हलंना की! सरका की फुडं." तुम्ही चष्मा काढून पुसलात आणि म्हणालात, "शास्त्रात घाई नाही, योहानराव."

हा तुमचा क्रम. पुढचं वचन आधी बघायचं नाही, मागचं पुरं झाल्याशिवाय पुढं पाऊल नाही. कुणी पुढल्या अध्यायातलं काही विचारलं की ठरलेलं उत्तर, "तिथं पोचलो की बघू." लोक याला विद्वत्ता म्हणायचे. मी याला काय म्हणायची ते तुम्हाला तोंडावर सांगून झालेलं आहे.

आणि तरी ते सगळं मला आवडायचं एकेकाळी, हे लपवून काय करू? आई गेल्यावर तुम्ही मला घरी आणलंत. शाळेतून आले की तुम्ही पाटीवर अल्फा, बीटा काढून द्यायचात. घरातल्या बायकांना वाटायचं, पोरगी हिशेब शिकते आहे. एकदा तुम्ही सांगितलंत, पौलाच्या पत्रात वाळक्या काडाला 'कलामे' म्हणतात, बोरूला 'कलामोस', आणि तोच शब्द अरबांच्या हातून फिरत फिरत आपल्याकडं येऊन 'कलम' झाला. मी हातातला बोरू बघतच राहिले. आपल्या कोल्हापुरातल्या शाळेच्या दौतीत त्या एवढ्या लांबच्या माणसांचा शब्द बुडलेला. तो आनंद तुम्ही दिलात. आज शाळेत मुलींना शिकवताना माझ्या तोंडून जे काही बरं निघतं ते तुमचंच आहे. म्हणून तर जास्त चीड येते. अडाण्यानं अडवलं असतं तर मी त्याला माफ केलं असतं.

माझं स्थळही तुम्हीच आणलंत. शाहूवाडीकडचा, बोर्डिंगात शिकलेला, नवा बाप्तिस्मा घेतलेला. शास्त्र तोंडपाठ म्हणाला म्हणून तुम्ही भुललात. दोन पावसाळे संसार केला त्यानं. मग भातशेतीच्या वाटणीला भावांनी बोलावलं, तो गेला, बाप्तिस्मा सोडून त्यांच्या जुन्या धर्मात परत मिसळला, आणि तिकडंच दुसरं लग्न लावून मोकळा झाला. जाताना बरोबर माझं शिवणयंत्रसुद्धा नेलं. तुम्ही त्याविषयी एक शब्द बोलला नाहीत, ना ग्रीक, ना मराठी. मी तुमच्या घरी परत आले, शाळेत नोकरी धरली, तुमच्या भाकरी थापू लागले. तुम्हाला वाटलं, झालं, सगळं मार्गी लागलं.

संस्थान विलीन झालं, नवी कोर्टं आली, आणि वकिलांनी सांगितलं, बाई, तुम्हाला काडीमोड मिळू शकतो. मिळालाही. त्यानंतर प्रभाकर आले. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातले, विधुर, थोडे अडखळत बोलणारे. त्यांनी मला परस्पर विचारलं नाही, आधी तुमच्याकडं आले, रीतीनं. तुम्ही त्यांना खुर्ची दिलीत, चहा दिलात आणि मंडळीच्या पंचांकडं पाठवलंत. पंच आले आपल्या सोप्यात. कोर्टाचा कागद त्यांना मान्य होता, पण देवळात लग्न लावायचं तर शास्त्राचा आधार हवा. टाकलेल्या बाईनं नवरा जिवंत असताना पुन्हा लग्न करावं का? पाळकसाहेबांनीच पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातला सातवा अध्याय काढला, पंधरावं वचन. मराठीत सरळ लिहिलेलं आहे: विश्वास सोडून जो वेगळा झाला त्याला जाऊ द्या, मागं राहिलेली बहीण बांधलेली नाही. पण मराठीवर आपल्या लोकांचा विश्वास कधी होता? पंच म्हणाले, "मास्तर, मूळ ग्रीकात काय हाय, तेवडं सांगा. तुमी म्हनशीला ते आमाला मंजूर."

एक वाक्य सांगायचं होतं मामा. मी आतल्या दाराशी उभी होते. तुम्ही म्हणालात, "वर्गात आपण हेच पत्र सुरू केलं आहे. पहिला अध्याय चालू आहे. क्रमानं तिथं येऊ, तेव्हा साधकबाधक बघू."

आणि ते येडे उठले! कुणी विचारलं नाही की मास्तर, आत्ताच पान उलटा की. उलट त्यांना ते फार शास्त्रशुद्ध वाटलं. "नाताळपतूर येईल सातवा," असा हिशेब करत, पायतान घालत गेले. जगात कुठल्या गावच्या पंचांनी एका बाईचं लग्न एका वर्गाच्या पोथीक्रमावर टांगून ठेवलं असेल? आमच्याच. जी सूचना उपासनेत वाचल्याशिवाय देवळात लग्न लागत नाही, ती आमच्या लग्नाची सूचना तोवर वाचायची नाही असं ठरलं, आणि माझ्या आयुष्याचं घोंगडं भिजत पडलं.

मग काय झालं आठवतं? तुमच्या वर्गाला तोवर योहानकाका धरून चार टाळकी असायची. पुढच्या रविवारपासून खोली भरली. शाळेतली बाकं आणावी लागली. बायका पोरंबाळं घेऊन यायला लागल्या. तुम्ही घरी येऊन मला म्हणालात, "सुमित्रा, लोकांना मूळ भाषेची गोडी लागली बघ." मी तेव्हा तुमच्या तोंडाकडं बघितलं. तुम्ही खरंच तसं समजत होतात. लोकांना माझ्या लग्नाची गोडी लागली होती, मामा. कुठवर आलं, कधी येतंय, मास्तर हो म्हणणार का नाही, यावर शाहूपुरीत पैजा लागत होत्या. आणि भरलेली खोली बघून तुम्ही आणखी हळू झालात. पूर्वी वचनाला एक रविवार लागायचा, आता दोन लागू लागले. तिन्ही साहेब पुरेनात, म्हणून मिरजेहून चौथा मागवलात.

प्रभाकरही यायचे. मागच्या बाकावर, टोपी मांडीवर घेऊन. योहानकाका दर वेळी ओरडायचे, "पावणं, मागं का बसलाय? फुडं या की! तुमचीच तर वरात हाय ही." लोक हसायचे. तुम्हीही एकदा हसलात. प्रभाकर मान खाली घालून ऐकत राहायचे. नाताळ आला, गेला, त्यामागून आणखी नाताळ गेले. त्यांची बदली लोंढ्याला झाली. जाताना मला म्हणाले, "कोर्टात लग्न करू, बेळगावला. तुम्ही म्हणाल तेव्हा." मी नाही म्हणाले. या मंडळीतून मला मागच्या दारानं बाहेर पडायचं नव्हतं. ते म्हणाले, "बरं. मग मी थांबतो." आणि थांबले. ज्याला ग्रीकचं अक्षर कळत नाही, त्या माणसाकडून ते दोन शब्द मला मिळाले.

तुमच्याशी मी भांडले नाही असं कोण म्हणेल? पाचव्या अध्यायात तुम्ही खमिराच्या एका शब्दावर घुटमळत होतात तेव्हा मी भाकरीचं पीठ तसंच टाकून बाहेर आले होते. "या चालीनं प्रीतीच्या अध्यायाला पोचेपर्यंत मी म्हातारी होईन," म्हणाले. तुम्ही शांतपणे म्हणालात, "तेराव्यात आपण जाऊच." मी म्हणाले, "प्रीतीला ग्रीकात किती शब्द आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. घरात एक तरी वापरलात का?" तुम्ही काठी घेऊन रंकाळ्याकडं फिरायला गेलात. परत आलात तेव्हा माझ्यासाठी गरम भुईमुगाच्या शेंगा आणल्या होत्यात, आणि त्या ताटाशेजारी ठेवून जेवायला बसलात. भांडण तिथंच राहिलं. आपली सगळी भांडणं तशीच राहिली.

आता ती गोष्ट लिहिते जी तुम्ही आणि मी सोडून कुणाला माहीत नव्हती. प्रभाकर आले त्याच्याही आधीपासून तुम्हाला अक्षर दिसत नव्हतं. काचबिंदू. डॉक्टरांनी सांगितलं होतं, याला इलाज नाही. तुम्ही मला शपथ घातलीत आणि वर्ग चालू ठेवलात. शनिवारी दुपारी मी शाळेतून यायची, तुमच्यासमोर बसायची, ग्रीक ओळ एकेक शब्द करून वाचायची, मग साहेबांची टीका वाचायची. तुम्ही डोळे मिटून ऐकायचात आणि सगळं पाठ करायचात. केवढी तुमची स्मरणशक्ती! रविवारी टेबलावर पुस्तक उघडून त्यावरून बोट फिरवत तुम्ही जे वाचायचात, ते वाचन नव्हतंच. एकदा पुस्तक उलटं होतं. भरल्या खोलीत कुणाच्या लक्षात आलं नाही, अशी आपल्या मंडळीची ग्रीकची गोडी. मी पाण्याचा पेला ठेवायच्या निमित्तानं येऊन ते सुलटं केलं. त्या दिवशी घरी जाताना तुम्ही माझा हात धरून चाललात. लोकांना वाटलं असेल, मामाभाचीची माया. होतीही. मला तुमची कीव आली आणि कीव आल्याचाही राग आला.

या पावसाळ्यात एकदाचं सातव्यातलं चौदावं वचन लागलं. विश्वास न ठेवणारा नवरा बायकोमुळे पवित्र झालेला आहे, असं काहीसं त्यात आहे. तुम्ही 'पवित्र'चा धातू फोडत होतात आणि मागून कुणीतरी म्हणालं, "म्हंजे सुमित्राबाईचा नवरा पवित्र झाला की वो! शिवनयंत्रासकट." खोली हसून लोळली. मी समोरच बसले होते. तुम्ही त्या माणसाला गप्प केलं नाहीत. तुम्ही त्याच्या प्रश्नाचं उत्तर दिलंत, दुसऱ्या साहेबांच्या आधारानं. ते मी तुम्हाला माफ केलेलं नाही, आणि मेलात म्हणून करणारही नाही.

त्याच आठवड्यात तुम्ही अंथरूण धरलंत. ताप उतरेना. आयुष्यभर छापील मराठी बोललात, पण तापात तुमची गावची बोली वर आली, लहानपणची. एका दुपारी म्हणालात, "सुमे, फुडचं वाच." सुमे म्हणून तुम्ही मला कधीच हाक मारली नव्हती. मी पंधरावं वचन काढलं. एवढी वर्षं मी ते तुमच्यासमोर मोठ्यानं वाचलं नव्हतं, तुमचा क्रम म्हणून. निम्म्यावर आले आणि तुम्हीच तो शब्द म्हणालात, मी उच्चारायच्या आधी. 'देदूलोताय.' आणि म्हणालात, "दूलोस म्हंजे गुलाम. ती गुलाम झालेली न्हाय. ठाव हाय मला. पयल्या दिसापास्नं ठाव हाय."

मी विचारलं, "मग सांगितलं का नाहीत?"

तुम्ही तोंड भिंतीकडं केलंत. भिंतीलाच म्हणालात, "तू गेलीस तर मला वाचून कोण दावनार?"

मी पुस्तक मिटलं आणि परसात जाऊन दोरीवरचे कपडे काढू लागले. कपडे ओलेच होते. ते तसेच घडी घालून आत आणले. पाणी पाजलं, पाठ पुसली, उशी बदलली. तुमच्या त्या चार साहेबांपैकी एकानंही लिहून ठेवलेलं नाही, की ज्यानं आपल्याला अडवून ठेवलं त्याची पाठ पुसताना हाताला काय वाटतं.

काल रविवार. पंचांनी सांगितलं, वर्गाच्या वेळी मास्तरांच्या आठवणीत जमू, तू दोन शब्द बोल. खोली भरली होती. कुणीतरी म्हणालं, आता नवा जाणता माणूस मिळेपर्यंत वर्ग बंद. दुसरं म्हणालं, मिळाला की पुन्हा पहिल्या अध्यायापासून धरू, क्रम मोडायला नको. मला हसू आलं, देवाशपथ. मी उठले, तुमच्या खुर्चीत बसले नाही, टेबलाच्या अलीकडं उभी राहिले. तुमचं पुस्तक उघडलं आणि सातव्या अध्यायातलं पंधरावं वचन ग्रीकमध्ये वाचलं, न अडखळता. मग शब्दाचा अर्थ सांगितला. गुलाम नाही. मराठीत जे आहे तेच ग्रीकात आहे, थोडं अधिक ठसक्यानं. आणि पुस्तक मिटलं.

"येवडंच व्हय?" योहानकाका म्हणाले.

"एवढंच."

पंच एकमेकांकडं बघू लागले. पाळकसाहेबांनी मान डोलावली. मग एक पंच म्हणाले, "हाय की सरळ. ह्यात इचारायचं काय होतं?" बस्स. चहा निवायला जेवढा वेळ लागतो तेवढाही लागला नाही. येत्या रविवारी सूचना वाचतो म्हणाले पाळकसाहेब, जणू माझ्या खिशातून पडलेलं काही उचलून परत देत आहेत.

तेव्हा योहानकाकांनी विचारलं. मोठ्यानं, त्यांच्या सवयीनं. "मग मास्तरांनी येवडी वरसं का लावली गं पोरी?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मला खरं सांगता आलं असतं. डोळ्यांचं, शनिवारचं, उलट्या पुस्तकाचं, आणि भिंतीकडं तोंड करून जे बोललात त्याचं. एका वाक्यात तुमचा खांब खाली आणता आला असता, आणि मला वाटलं होतं, वेळ आली की मी तो आणीन. पण मी म्हणाले, "मामांना मधलं एकही वचन गाळायचं नव्हतं." लोकांनी हळहळून माना हलवल्या. बाया डोळे पुसू लागल्या. कुणी म्हणालं, काय ही निष्ठा.

तुमची अब्रू मी राखली, मामा. ते प्रेमानं केलं का तिरस्कारानं, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

प्रभाकरांना कळवलं आहे. सूचना वाचून झाली की ते येतील, लग्न लागेल, मी लोंढ्याला जाईन. तुम्ही कशाला भ्यालात तेवढं मात्र मला अजून समजत नाही. लोंढा काही विलायत नव्हे. मी सुट्टीसुट्टीला आले असते, महिन्यातून एकदा गाडी धरून आले असते, चार शनिवारांचं एकदम वाचून दाखवलं असतं, आणि प्रभाकर शेजारी बसून शेंगा सोलत ऐकत राहिले असते. नुसतं विचारायचं होतं मामा. मी आले असते.